कच्चा रंग

अशोक चौकात जिना चढून वर माझं दुकान.
खाली मोटारी भरून देणारा सादिक,
त्याच्या वार्निशचा वास दिवसभर माझ्या फोटोंना.
दुपारी दोनला ऊन मॉनिटरच्या कडेवर येऊन बसतं,
म्हणून खिडकीला चादर लावलीय,
नापास झालेली, एका अंगाला वीण चुकलेली.

एकशे बारा चादरींचा कॅटलॉग परवापर्यंत द्यायचा.
फाइल उघडली की आधी सगळं पिठूळ,
जणू कुणी फोटोवरून ताकाचा हात फिरवलाय.
मग कॉन्ट्रास्ट जरासा,
की मोरांच्या माना कापडातून सुटतात.
मग सॅच्युरेशन.
हिरवा ऐकतो, निळा ऐकतो,
लाल मात्र अठराच्या पुढे गेला की टोमॅटो.
गिऱ्हाइकाला टोमॅटो आवडतो.
मी बावीसवर ठेवला होता.

मालकांनी रंग बघायला म्याकलकाकांना धाडलं.
मल्लेशम म्याकल, रंगखात्यात एकेचाळीस वर्षं,
नखांच्या मुळाशी अजून जांभळी अमावास्या.
खिशातून सुताची लडी काढून पडद्याला टेकवली,
मला ट्यूब बंद करायला लावली,
लडी घेऊन जिन्यातल्या उन्हात उभे राहिले,
परत आले.
"हा आमच्या हौदातला नाही, अम्मा.
माणूस पार्सल फोडेल आणि आम्हाला लबाड म्हणेल."

वीस. चौदा. सहा.
प्रत्येक आकड्याला ते जिन्यात जाऊन येत.
मध्येच विचारलं, "हे रॉ, रॉ म्हणजे काय?"
म्हटलं, कच्ची फाइल.
कॅमेऱ्यानं पाहिलं ते सगळं आत असतं,
अजून काही ठरलेलं नसतं.
"कच्चं?" ते हसले. "मग पहिल्या धुण्यात जाईल की."

आणि हसू तसंच ठेवून म्हणाले,
"दोन दसऱ्यांमागं कारखान्यात पूजेचे फोटो काढलेत तुम्ही.
त्यात आमची नरसूबाई असेल बघा.
पुढच्या महिन्यात वर्ष होतंय."

सापडली.
टॉवेलांना शिवण घालणाऱ्या बायकांत, तिसऱ्या रांगेत,
अर्धी खांबामागे,
अंगावर पाणी घातलेल्या सरबताच्या रंगाची साडी.

"ती मी रंगवलेली. लग्नाच्या साली.
उरलेल्या रंगात, मालकाला चोरून,
घाईत मीठ कमी पडलं.
पहिल्या धुण्याला बादली लाल, मोरी लाल,
माझी बनियन गुलाबी.
महिनाभर तसाच कामावर गेलो.
ती गल्लीला सांगायची, बघा माझा नवरा रंगारी."
मग बराच वेळ काही नाही.
"हा धुतल्यानंतरचा रंग झाला.
मला आधीचा पाहिजे."

काका, फाइलमध्ये असतं तेवढंच वर येतं,
मी म्हणणार होते.
त्यांनी डोळे मिटले होते.
"तू फिरव."

मी लाल धरला.
"अजून. अजून. घाई नको, डाग पडतात.
अजून."
तीस, पंचेचाळीस.
नरसूबाईंचे गाल नारिंगी झाले,
खांबाला कावीळ झाली,
आलेख उजव्या भिंतीला डोकं लावून उभा.
"आता मीठ."

कुठला स्लायडर मीठ, मला कळेना.
अंदाजानं कॉन्ट्रास्ट ढकलला.

"बास."

मी माउस सोडला.
पडद्यावर साडीच्या जागी एक सपाट, पेटलेला तुकडा,
घडी नाही, पदर नाही,
प्रोग्रॅम इशारे देत लुकलुकतोय.
काकांनी डोळे उघडले ते दाराकडे बघून.
"छापून ठेव. पोरगा येईल न्यायला."
आणि भिंतीला हात लावत लावत
एकेक पायरी खाली गेले.

खाली सादिक कुणाला तरी ओरडत होता.
मी चादरींकडे वळले. लाल उणे दोन.
घाम पुसायला हाताला आलं ते उचललं,
तर टेबलावर राहिलेली त्यांची लडी.
कपाळ पुसलं, मान पुसली,
मग दचकून बोटं पाहिली.

काही लागलं नव्हतं.